करून बघ

जूनच्या शेवटच्या शनिवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी मी एका शिक्षणसंस्थेचा सर्व्हर स्वतःच्या हातानं रीबूट केला आणि त्यांचं प्रवेशाचं पोर्टल बसलं. पन्नास मिनिटांत सगळं जाग्यावर आलं. सोमवारी अहवाल गेला, त्यांनी तो मान्यही केला. प्रकरण बंद. तरी त्या अहवालातली मी लिहिलेली एक ओळ अजून डोक्यात फिरते आहे.

आमचं नाशकातलं सहा जणांचं ऑफिस. लोकांचे सर्व्हर सांभाळायचे, म्हणजे बहुतेक वेळ काही होत नाही ना एवढंच बघायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, हॅकर आला की आमची धावपळ. हॅकर कशाला पाहिजे, आम्हाला रीबूट पुरतो. चालू असलेला प्रोग्रॅम आपली कॉन्फिगरेशनची फाईल सुरू होताना एकदाच वाचतो. मग तुम्ही फाईल बदला, हलवा, पुसून टाका, त्याला पत्ता नसतो, तो जुन्या आठवणीवर चालत राहतो. परीक्षा होते ती पुढच्या वेळी उठताना. हा सर्व्हर २११ दिवस अखंड चालू होता. गिऱ्हाइकं असले आकडे कौतुकानं सांगतात. मला मात्र असा आकडा दिसला की माळ्यावरचं न उघडलेलं सामान आठवतं, वर काय ठेवलंय ते कुणालाच माहीत नाही.

कर्नेलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, सुरक्षा-अपडेट्स साचली होती, त्यासाठी रीबूट हवा होता. शनिवारी रात्री ११ ते १२ ही वेळ आठवडाभर आधी ईमेलवर ठरली होती. अर्ज भरायची मुदत शुक्रवारी संपत होती, म्हणून शनिवार. मुदत रविवारपर्यंत वाढवल्याचं संस्थेनं विद्यार्थ्यांना कळवलं, पालकांना कळवलं, सूचना फलकावर लावलं. आम्हाला कळवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

पिंग आला, म्हणजे मशीन जिवंत होतं, एसएसएचही, म्हणजे दुरून लॉगिनही, झालं, पण साइट येईना. ब्राउझरमध्ये 'कनेक्शन रिफ्यूज्ड'.

हा नकार कसा येतो त्यावर बरंच कळतं. ब्राउझर बराच वेळ गरगरत राहून मग हार मानत असेल तर बहुधा मध्ये फायरवॉल आहे, कुणीतरी तुमच्या मागणीचं पाकीट गुपचूप गिळतंय. नकार फटकन आला तर मशीन जागं आहे, दार ठोठावलेलं त्याला ऐकू आलंय, फक्त ४४३ नंबरच्या दारामागे कुणी उभं नाही. आमचा नकार फटकन आला. म्हणजे वेब सर्व्हर, इथे एन्जिनएक्स, उठलेलाच नव्हता.

सिस्टीमसीटीएल या सेवा चालू-बंद करायच्या कमांडनं स्टार्ट दिलं. उत्तर आलं की काम फसलं, तपशिलासाठी अमुक कमांड बघा. 'संबंधित खिडकीवर चौकशी करावी' छापाचा हा संदेश मी शेकडो वेळा वाचलाय आणि दर वेळी तेवढाच चिडलोय. मग कॉन्फिगरेशन तपासायची एन्जिनएक्सची स्वतःची कमांड चालवली: सिंटॅक्स ओके, टेस्ट सक्सेसफुल. परत स्टार्ट, परत फेल. गंमत अशी की सेवा उठवणारा सिस्टीमडीसुद्धा स्टार्टच्या आधी हीच चाचणी घेतो. त्यानं घेतली की नापास, मी घेतली की पास. प्रश्नपत्रिका एकच.

एव्हाना व्हॉट्सॲप ग्रुप पेटला होता. रजिस्ट्रार साहेबांचा फोन आला, "अहो सर, पोर्टल उघडत नाहीये, पोरांचे फोन येताहेत. व्हायरस वगैरे आहे का?" मी म्हटलं, "नाही साहेब, मीच बंद केलंय." हे ऐकून त्यांना बरं वाटलं की वाईट, मला सांगता येणार नाही. त्यांच्या ऑफिसमधल्या कुणीतरी ग्रुपवर मॉनिटरचा मोबाईलनं काढलेला तिरका फोटो टाकला, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब ठळक आणि एररची ओळ पुसट.

जर्नल, म्हणजे सिस्टीमची नोंदवही, उघडलं. त्यात साफ लिहिलं होतं: सर्टिफिकेटची फाईल वाचता येत नाही, परमिशन डिनाइड. सर्टिफिकेट म्हणजे साइटची ओळख पटवणारा दाखला. लिनक्सच्या, म्हणजे या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या, भाषेत एरर नंबर १३. फाईलच्या परवानग्या बघितल्या. मालक रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, आणि सगळ्यांना वाचायची मुभा. आणि एन्जिनएक्स सर्टिफिकेट वाचतो तेव्हा तो रूट म्हणूनच चालत असतो. रूटला सहसा कुणी नाही म्हणत नाही. ज्या घरात रूटलाच नाही म्हणतात, त्या घरात आणखी एक मालक असतो.

त्याची खूण त्याच ओळीत होती. एलएस वजा एल ही फाईलींची यादी दाखवणारी कमांड दिल्यावर परवानग्यांची आर, डब्ल्यू, एक्सची ती माळ येते ना, तिच्या शेवटी एक ठिपका असतो. दहा जणांतले नऊ जण तो वाचत नाहीत, कारण स्क्रीनवर धूळ असावी तसा तो दिसतो. ठिपक्याचा अर्थ, या फाईलला एसईलिनक्सचं लेबल चिकटलेलं आहे. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं लिहून २००० साली जगाला खुली केलेली ही व्यवस्था. कोणता प्रोग्रॅम कोणत्या लेबलच्या फाईलला हात लावू शकतो, याची तिची स्वतंत्र वही असते आणि त्या वहीपुढे रूटचीही ओळख चालत नाही. मी हातानं चाचणी घेतली तेव्हा प्रोग्रॅम माझ्या शेलच्या, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीच्या, मोकळ्या लेबलखाली चालला. सिस्टीमडीनं उठवला तेव्हा तो वेब सर्व्हरच्या बंदिस्त लेबलखाली गेला. म्हणून एक पास, एक नापास.

एलएसला मोठा झेड लावला की लेबल दिसतं. सर्टिफिकेट बसलं होतं त्याच्या ठरलेल्या, ईटीसी-पीकेआयच्या फोल्डरात, पण लेबल होतं 'युझर होम'. फाईल कशी आली असेल ते मग डोळ्यांसमोर दिसलं. सर्टिफिकेटची झिप ईमेलवर आली, विंडोजवरून कुणीतरी ती होम फोल्डरात चढवली आणि तिथून एमव्ही या हलवायच्या कमांडनं जागेवर हलवली. सीपी, म्हणजे कॉपी, केलं असतं तर काही झालं नसतं. सीपीनं आलेली फाईल नव्या घराचं नाव लावते, एमव्हीनं आलेली माहेरचंच आडनाव घेऊन नांदते. आणि वहीत लिहिलंय, वेब सर्व्हरनं माहेरच्या माणसांना हात लावायचा नाही.

मग हे इतके महिने चाललं कसं?

इंटरनेटवर असल्या अडचणीचं पहिलं उत्तर एकच असतं, सेटएनफोर्स झीरो. म्हणजे एसईलिनक्सला सांगायचं, तू नोंदी घे पण अडवू नकोस. सगळं लगेच चालू होतं, म्हणून त्या उत्तराला लाइकही सगळ्यांत जास्त. आगीचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढण्यातला प्रकार. ही कमांड रीबूटनंतर टिकत नाही, कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये जे आहे ते परत लागू होतं. आमच्या फाईलमध्ये 'एनफोर्सिंग', म्हणजे अडव, असं होतं. म्हणजे कुणीतरी कधीतरी झीरो केलं होतं, आणि सर्व्हर रीबूट होईपर्यंतच ती मलमपट्टी टिकणार होती. पट्टी माझ्या हातानं निघाली.

रात्रीचे बारा वाजून गेले होते, पोरं अर्ज भरत होती. मीही सेटएनफोर्स झीरो केलं. हो, मीही. साइट क्षणात उठली, ग्रुपवर नमस्काराचे हात आले. फरक एवढाच की दुसऱ्या खिडकीत मी लगेच दुरुस्तीला लागलो. लेबल नियमाप्रमाणे परत लावणारं रिस्टोअरकॉन चालवलं, त्यानं प्रामाणिकपणे छापलं की 'युझर होम' होतं ते 'सर्ट' केलं. एन्जिनएक्स रीस्टार्ट केला. सेटएनफोर्स वन, म्हणजे अडवणं परत चालू. पान उघडलं. ५०२, बॅड गेटवे.

खरं सांगतो, त्या क्षणी पोटात गोळा आला. परत झीरो केलं, साइट परत आली. एररचा लॉग बघितला तर तिथेही नंबर १३, पण फाईलवर नव्हे. एन्जिनएक्स पुढे ३००० नंबरच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, नोड नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ॲप्लिकेशनशी बोलायला जात होता आणि ते बोलणंच अडवलं जात होतं. वेब सर्व्हरनं आपणहून दुसऱ्या पोर्टशी जोडणी करायची नाही, असा एसईलिनक्सचा मूळ नियम आहे. त्यासाठी एक बटण मुद्दाम चालू करावं लागतं, एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट. नोडवरचं नवं पोर्टल त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्यानं एप्रिलमध्ये चढवलं. तेव्हा पहारेकरी आधीच झोपवलेला, त्यामुळे बटणाची गरज त्याला कळलीच नाही. त्याच्या मशीनवर चालत होतं, आमच्याही मशीनवर चाललं. एका झीरोच्या सावलीत दुसरी चूक निवांत वाढली. आणि ऑडिट लॉगमध्ये ती एप्रिलपासून नोंदलेली असणार. अडवत नसला तरी हा पहारेकरी लिहीत असतो. तो लॉग वाचायचे पैसे आम्ही दर महिन्याला घेतो.

ते बटण चालू करायची कमांड, सेटसीबूल वजा पी. मोठा पी विसरलात तर पुढच्या रीबूटला परत हीच रात्र. तो लावला की आख्खं धोरण नव्यानं बांधलं जातं आणि कर्सर नुसता लुकलुकत बसतो. वेळ अर्ध्या मिनिटाचाही नसेल, पण कानाला रजिस्ट्रार साहेबांचा फोन असताना कमांड मध्येच तोडणारं कंट्रोल-सी दाबायला बोटं शिवशिवतात. दाबलं नाही. सेटएनफोर्स वन केलं, साइट चालू राहिली. १२ वाजून ३० मिनिटांनी, साहेबांना सांगून, जिवावर उदार होऊन आणखी एकदा रीबूट केलं. सगळं आपोआप उठलं. ज्या दुरुस्तीनंतर रीबूट केलेलं नाही ती मी दुरुस्ती धरत नाही.

रविवारी दुपारी झोप झाल्यावर रूटची कमांड हिस्टरी उघडली. तारखा लागलेल्या नव्हत्या, पण क्रम होता. एमव्ही. रीस्टार्ट. स्टेटस. रीस्टार्ट. सेटएनफोर्स झीरो. रीस्टार्ट. एक्झिट. फेब्रुवारीचं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, शोधून काढलं: सर्टिफिकेट बदललं, साइट सुरू, लागलेला वेळ १८ मिनिटं, गिऱ्हाइकाकडून 'थँक यू फॉर द क्विक सपोर्ट'. काम आमच्याकडच्या सगळ्यांत नव्या मुलाचं. रागावायची मनात सगळी तयारी झाली. खाली त्यानं आणखी एक ओळ लिहिली होती, "सिनियर सरांचं फोनवर मार्गदर्शन घेतलं."

सिनियर सर म्हणजे मी.

मग आठवलं. मामेभावाचं लग्न, सिन्नर रस्त्यावरचं लॉन्स, डोक्यावर बेंजो. फोनवर तो सांगत होता, सर्टिफिकेट वाचता येत नाही म्हणतंय. मी एका कानात बोट घालून म्हटलं, "सेटएनफोर्स झीरो करून बघ." सल्ला चुकीचा नव्हता. चालू झालं तर दोष एसईलिनक्सकडे आहे हे कळतं, मग वन करायचं आणि लेबल नीट करायचं. 'करून बघ'मधला 'बघ' हा माझ्या मते महत्त्वाचा शब्द होता. पुढचं अर्धं वाक्य मी बोललो का, बोललो असेन तर ते बेंजोच्या आवाजात गेलं का, की मला पंगतीला बोलावलं आणि मी फोन ठेवला? कितीही ताण दिला तरी आठवत नाही.

सोमवारी त्याला चहाला नेलं आणि विचारलं. त्याला लख्ख आठवत होतं. "सर, मी म्हटलं चालू झालं. तुम्ही म्हणालात, चालेल."

चालेल. म्हणालो असणार. दिवसातून पन्नास वेळा म्हणतो.

पुढे काय करायचं ते लगेच ठरवलं. सर्टिफिकेट हातानं हलवणं बंद, त्याची स्क्रिप्ट, स्क्रिप्टच्या शेवटी रिस्टोअरकॉन. कुठल्याही मशीनवर एसईलिनक्स झोपलेलं दिसलं की मेसेज येतो. ते करणं भागच होतं, कारण सर्टिफिकेटांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्यानं २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर येते आहे. वर्षातून एकदा होणारी हलवाहलव दीड महिन्याला होणार.

राहिला अहवाल. कारण या रकान्यात मी लिहिलं: "फेब्रुवारीत प्रमाणपत्र बदलताना चाचणीसाठी केलेला तात्पुरता बदल पूर्ववत करण्याचे राहून गेले." वाक्य खरं आहे. मराठीत किती सोयीचं आहे हे, राहून गेले. त्याला कर्ता लागत नाही. लिहिताना मी दोनदा थांबलो, एकदा स्वतःचा हुद्दा घातला, मग खोडला.

रजिस्ट्रार साहेब कागद वाचणारे आहेत. संध्याकाळी फोन आला. "रिपोर्ट चांगलाय सर. फक्त एक, राहून गेलं म्हणजे नेमकं कुणाकडून?"

"टीमकडून, साहेब."

"बरं, चालेल," ते म्हणाले.

तो मुलगा शेजारच्याच टेबलावर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या सर्टिफिकेटची झिप उघडत होता. त्यानं मान वर केली नाही.