रॉथिमर्कसच्या पाइनवनात पुण्याचा मोरो रघुनाथ

एडिनबरोत गर्दीचा इतका कंटाळा आला, की किल्ला उरकला आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या अ‍ॅव्हिमोरची गाडी पकडली. मला रॉथिमर्कस बघायचं होतं. कंपनीच्या काळातल्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट या इस्टेटीचा मालक. इथलं पाइनचं लाकूड तोडून स्पे नदीतून खाली सोडायचे. एवढं रान असूनही माणूस कर्जात बुडाला आणि 1827 मध्ये कुटुंबासह मुंबईला निघाला.

लॉख अन आयलनला दुपारी फार माणसं असतात, सकाळीच जा. तळ्यातल्या बेटावर पडका किल्ला, मागे केर्नगॉर्मचे डोंगर. काठाने चालताना डोक्यात मात्र सतत पुणं होतं. मोरो रघुनाथ हा 14 वर्षांचा मुलगा तिथे त्याचे पालक, नात्याने आजोबा लागणाऱ्या पांडुरंग रामचंद्रांच्या ताब्यात होता. त्याला कोर्टापुढे आणा, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम ग्रँटच्या कोर्टाने काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कमने तो पाळू दिला नाही. मुंबई बेटाबाहेरच्या एतद्देशीयांवर या कोर्टाचा अधिकार नाही, असं सरकारचं म्हणणं. त्यातच सर एडवर्ड वेस्ट आणि सर चार्ल्स चेंबर्स हे दोघे सहकारी न्यायाधीश 1828 मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वारले. ग्रँट एकटा उरला. हुकूम पाळला जात नसेल तर कोर्ट चालवण्यात अर्थ नाही, म्हणून 1 एप्रिल 1829 ला त्याने सरळ कोर्टच बंद केलं!

प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या अपिलाच्या सर्वोच्च कोर्टाने, पुढे त्याच्या विरुद्धच कौल दिला. कायद्याने ते बरोबरही असेल. दख्खनच्या सरदारांच्या घरात कंपनीच्या राज्यातलं कोर्ट शिरणं पुण्याला रुचलं नसणार, हेही समजतं. तरी मी ग्रँटच्या बाजूचा. कोंडलेल्या मुलाला डोळ्यांसमोर आणा, एवढंच कोर्ट मागत होतं. नोकरीची अतोनात गरज असलेल्या माणसाने त्यापायी थेट गव्हर्नरशी वैर घेतलं, याचं मला फार मोल वाटतं.

पुढे तो कलकत्त्याला न्यायाधीश झाला आणि 1848 मध्ये मायदेशी परतताना जहाजावर वारला.

महाबळेश्वरला गव्हर्नर माल्कमच्या नावाची माल्कम पेठ आहे. मुंबईतला ग्रँट रोड मात्र या ग्रँटचा नव्हे, तो गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटच्या नावाचा.