आधी कोपरे, मग भिंती : आमची वाटचाल

सांगली-मिरज रस्त्यालगतच्या एका शेडमध्ये आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओसाठी बेस ट्रॅप (खालचे, जड स्वर शोषणारे) आणि ॲब्सॉर्प्शन पॅनल (आवाज शोषणारे) बनवतो. गाणं, भजन, डबिंग, ऑडिओबुक, पॉडकास्ट, जिथे माइक लागतो आणि जिथे बसून कुणीतरी मिक्स करतं, ती खोली खरं बोलायला लागावी एवढंच आमचं काम. २०१४ साली सुरुवात केली तेव्हा असा काही वेगळा धंदा असतो हेच आमच्या भागात समजावून सांगावं लागायचं. ‘साउंडप्रूफ करून देता का?’ हा तेव्हाचा पहिला प्रश्न होता आणि आजही तोच असतो. त्याचं उत्तर आम्ही कामाच्या आधीच देतो: आमचं पॅनल रस्त्यावरचा हॉर्न अडवत नाही. त्यासाठी वजनदार भिंत, दुहेरी दार आणि बुजवलेल्या फटी लागतात. पॅनल आवरतं ते खोलीच्या आत भिंतीभिंतींवर आपटत फिरणाऱ्या आवाजाला.

घरचा मूळ धंदा गाद्या आणि सोफ्यांचा. वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, हात कापडावर बसलेला. मी मात्र आवाजाच्या नादाने मुंबईला गेलो आणि काही वर्षं स्टुडिओंमध्ये सहायक म्हणून राबलो. केबल गुंडाळायच्या, माइक लावायचे, चहा सांगायचा. तिथे एक गोष्ट डोळ्यांत भरली. चांगल्या स्टुडिओच्या कापडी भिंतीमागे हात घातला की फूटभर, कधी दोन फूट लोकर भरलेली असायची, मेंढीची नव्हे, दगड किंवा काच वितळवून काढलेल्या धाग्यांची. पाहुण्यांना दिसायचे माइक आणि स्पीकर, पण सगळं तोललेलं असायचं त्या न दिसणाऱ्या लोकरीवर. गावाकडे परत आलो तेव्हा ओळखीच्या लोकांनी घरोघरी स्टुडिओ थाटले होते आणि भिंतींवर एक इंची फोमचे त्रिकोण चिकटवलेले होते. काहींनी अंड्यांचे ट्रे लावले होते. खोलीत टाळी वाजवली की छान मिटल्यासारखी वाटायची, आणि डग्ग्यावर थाप पडली की खोली घुमत राहायची.

अप्पांना या कामात ओढताना मी त्यांना वॉलेस सेबाइनची गोष्ट सांगितली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानाच्या सभागृहात बोललेलं काही कळेना, कारण एकेक शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, सभागृहात मांडायच्या, ऑर्गनचा एक पाइप वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पहाटेच्या आत गाद्या परत जागेवर. जितक्या गाद्या जास्त, तितका घुमारा कमी, आणि त्याचं गणित मांडता येतं हे त्याने दाखवून दिलं. आजही आम्ही खोलीचा अंदाज त्याच सूत्राने घेतो. अप्पांनी सगळं ऐकून एकच विचारलं, ‘गाद्या किती जाडीच्या होत्या?’

आमच्या धंद्याचा कणा तोच प्रश्न आहे. ही लोकर, म्हणजे रॉकवूल किंवा ग्लासवूल, आवाज खाते ती तिच्या धाग्यांमधून हवा ये-जा करते म्हणून. हवेचा हलका झोत धाग्यांशी घासतो आणि आवाजाची ऊर्जा नकळत उष्णतेत विरते. पण भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही, तिथे फक्त दाब असतो. हवेची हालचाल सगळ्यात जास्त असते ती भिंतीपासून तरंगलांबीच्या पाव अंतरावर. २००० हर्ट्झचं हे पाव अंतर सव्वाचार सेंटिमीटर, म्हणून दोन इंची फोमला ते सहज सापडतं. १०० हर्ट्झचं पाव अंतर भरतं ८६ सेंटिमीटर. एक इंचाचा फोम तिथे काय करणार? तो वरचे स्वर खातो, खालचे तसेच सोडतो, आणि खोली आधीपेक्षा वाईट होते, कारण आता उरतो तो फक्त घुमारा.

म्हणून आमचं पहिलं उत्पादन भिंतीचं नव्हतं, कोपऱ्याचं होतं. दोन फूट रुंद पॅनल कोपऱ्यात तिरकं उभं केलं की मागे सर्वांत खोल जागी फूटभर पोकळी मिळते. ती पोकळी लोकरीने भरली की तळापासून छतापर्यंतचा बेस ट्रॅप तयार होतो. खोलीतल्या सगळ्या खालच्या स्वरांचा दाब कोपऱ्यांत येऊन साचतो, त्यामुळे तेवढ्याच मालाचा तिथे सगळ्यात जास्त उपयोग. भिंतीवरच्या पॅनललाही आम्ही चार इंच लोकर आणि मागे चार इंच मोकळी जागा ठेवतो. ही मोकळी जागा फुकटची जाडी आहे.

डेन्सिटीबद्दल, म्हणजे एका घनमीटर लोकरीचं वजन किती किलो याबद्दल, मात्र अजून रोज बोलावं लागतं. ‘९६ चीच रॉकवूल भरा, पैसे गेले तरी चालतील,’ असा आग्रह होतो. पातळ पॅनलला जड माल ठीक आहे. फूटभर जाडीच्या ट्रॅपमध्ये जड माल भरला तर लांब लाटांना आत शिरायलाच जड जातं. तिथे ३२ किंवा ४८ चा हलका माल चांगलं काम करतो आणि स्वस्तही पडतो. ग्राहकाचे पैसे वाचवणारा सल्ला ऐकून काही जण संशयाने बघतात, पण आम्ही तो बदललेला नाही.

दुसरा गोंधळ एनआरसी नावाच्या आकड्याचा. बाजारात पॅनलवर ‘एनआरसी ०.९’ असं छापलेलं असतं आणि लोक त्यावर विसंबतात. हा आकडा २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार ठिकाणच्या शोषणाची सरासरी आहे. २५० च्या खाली काय होतं याचा त्यात उल्लेखच नसतो, आणि तबला-पखवाज वाजणाऱ्या खोलीचा सगळा त्रास तर तिथेच असतो. ऑफिसच्या मीटिंग रूमसाठी तो आकडा पुरेसा आहे. हल्ली सजावटीसाठी ९ आणि १२ मिलिमीटरचे पीईटी फेल्ट, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांचे दाबलेले तक्ते, मिळतात. दिसायला देखणे, पण स्टुडिओच्या बेसवर त्यांचा काही इलाज नाही.

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेले असतात हेही आम्हाला कामातून उमगत गेलं. तिकडच्या आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या. बेस त्या भिंतीला थोडं हलवतो, थोडा पलीकडे निसटून जातो. आपल्याकडे विटांची भिंत, वर आरसीसी स्लॅब. पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत मिवान शटरिंगमुळे, म्हणजे भिंती आणि स्लॅब एकत्र ओतायच्या ॲल्युमिनियमच्या साच्यांमुळे, आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. बेसला बाहेर पडायला वाटच नाही. तिकडच्या पुस्तकातला ‘चार पॅनल पुरे’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

सिंहगड रस्त्यावरच्या एका फ्लॅटचं काम यासाठी सांगण्यासारखं आहे. अभंग आणि भावगीतांचं संयोजन करणारे एक संगीतकार, बेडरूमचा स्टुडिओ केलेला. खोली १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ. तक्रार अशी की इथे बसून मिक्स बरोबर वाटतं, गाडीत वाजवलं की खालचा आवाज गायकाला गिळतो. खोलीची मापं जवळजवळ सारखी असली की तिन्ही दिशांचे मूळ स्वर एकमेकांना खेटून येतात. इथे ते ५१, ५६ आणि ५९ हर्ट्झ होते, आणि त्यांच्या दुपटी १०२, ११३ आणि ११८. ते टेबल मांडून बसायचे बरोबर खोलीच्या मध्यावर. लांबी-रुंदीचे मूळ स्वर नेमके मध्यावर नाहीसे होतात आणि दुपटी फुगतात. तळाचा आवाज ऐकू येईना म्हणून ते तो वाढवत होते. वर डग्ग्याचा घिस्सा, म्हणजे तळहाताच्या दाबाने खालून वर सरकणारा तो गोल स्वर, शंभरच्या पलीकडे गेला की एकदम फुगायचा आणि पुढे पडायचा. वादकाने एकसारखा घेतलेला घिस्सा खोली तुकड्यातुकड्यांत ऐकवत होती.

इक्वलायझरने हे सुटत नाही. जिथे स्वर नाहीसा होतो तिथे कितीही वाढवला तरी तो नाहीसाच राहतो, आणि रेंगाळणारा स्वर इक्वलायझरने लवकर थांबत नाही. आम्ही आधी टेबल मध्यावरून हलवून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर आणलं. चारही उभे कोपरे खालपासून वरपर्यंत भरले, मागची भिंत जाड केली, डोक्यावर क्लाउड, म्हणजे छताखाली आडवं पॅनल, टांगला. बाजूच्या पॅनलची जागा आरशाने ठरवली: एकाने भिंतीवर आरसा सरकवायचा, बसणाऱ्याला ज्या जागी स्पीकर दिसेल तिथे पॅनल. आरईडब्ल्यू हे खोलीचा आवाज मोजणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा स्वर, सोडून कामाआधी आणि कामानंतर आलेख काढले. खालच्या टोकाला आलेखाची जी लांबच लांब शेपटी होती ती आखडलेली त्यांनी स्वतः पाहिली. मग त्यांनीच एक जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि घिस्सा सलग ऐकला. तेव्हापासून मोजमाप दाखवल्याशिवाय आम्ही काम सोपवत नाही.

पॅनलच्या बांधणीत अप्पांचा शब्द शेवटचा. चौकट पाइनच्या पट्ट्यांची, लोकरीभोवती पातळ नॉनवोव्हनचं वेष्टन, म्हणजे धागे खोलीत उडत नाहीत, आणि वरून कापड. मांजरपाट, ज्यूट, हातमागाचं सुती, काहीही चालतं, फक्त तोंडाला लावून फुंकर मारली की हवा पलीकडे गेली पाहिजे. अडली तर ते कापड परत. रेक्झिनची मागणी फार होते, पुसायला सोपं म्हणून, पण ते वरचे स्वर परत फेकतं. कापड ताणताना ताणाबाणा चौकटीशी सरळ ठेवायचा, मधोमध पिन मारून मग कोपऱ्यांकडे जायचं, कोपऱ्याची घडी मागे दाबायची. नवीन मुलं आधी कोपरे ओढतात आणि मध्ये झोळ पडतो. ते पॅनल उलगडून पुन्हा करायला लावलं जातं. लोकर कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट सक्तीचा.

एका पावसाळ्यात वाहतुकीत भिजलेला माल आमच्या दारात उतरला. वाळला तरी लाद्या खाली बसल्या होत्या. तो सगळा नाकारला आणि त्या महिन्याच्या ऑर्डरी लांबल्या. कोकण आणि गोव्याच्या कामांत दमटपणाचा विचार तर पहिल्यापासून करावा लागतो. बाहेरच्या भिंतीला पॅनल कधीही टेकवायचं नाही, नाहीतर मागे बुरशी धरते.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. काही आठवड्यांतच निवेदक आणि डबिंग कलाकारांचे फोन सुरू झाले, कारण त्यांना घरून आवाज द्यायचा होता. माल मिळत नव्हता, गाड्या बंद होत्या. हाताशी असलेल्या लोकरीतून आम्ही चाकांवरची, दुमडणारी पॅनल बनवली. बोलणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना उभी करायची, काम झालं की भिंतीला लावून ठेवायची. बोलण्याच्या आवाजाला फार खोल बेस लागत नाही, त्यामुळे इथे चार इंच पुरले. आज आमच्या कामाचा मोठा वाटा याच लोकांचा आहे आणि त्यांच्यामुळे त्या वर्षी एकाही कामगाराला घरी बसवावं लागलं नाही.

साधा पॉलियुरेथेन फोम आम्ही विकत नाही, कुणी मागितला तरी. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबमध्ये भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. २०१३ साली ब्राझीलच्या ‘किस’ क्लबमध्ये तशाच आगीत २४२. स्टुडिओ म्हणजे बंद दार, खिडकी नाही, वायरींचं जाळं. तिथे न जळणारी रॉकवूल सोडून दुसरं काही लावायला मन होत नाही.

मिरज हे तानपुऱ्यांचं गाव. इथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांकडे बसून तबलीची, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाची, जाडी आवाजाला कशी बदलते हे पाहिलं आणि आम्ही मेंब्रेन ट्रॅपकडे वळलो. त्यात बंद पेटीवर एक पडदा ताणलेला असतो. पडदा जितका जड आणि मागची पोकळी जितकी खोल, तितका त्याचा स्वर खाली जातो. चौरस मीटरला ८ किलो वजनाचा पडदा आणि मागे १५ सेंटिमीटर पोकळी धरली की गणिताने ५५ हर्ट्झ येतात, म्हणजे त्या सिंहगड रस्त्याच्या खोलीचाच स्वर. फूट-दोन फूट जाडी द्यायला जागा नसलेल्या घरांसाठी हा उपाय आहे. पेटीच्या जोडांत फट राहिली तर स्वर हलतो, म्हणून मिस्त्री प्रत्येक सांधा सिलिकॉनने भरतात आणि प्रत्येक पेटी मोजून मगच बाहेर जाते.

सध्या काम चालू आहे ते तानपुरा आणि गायनासाठीच्या एका खोलीचं. इथे सगळं शोषून चालणार नाही. जवारीतून, म्हणजे तारांखालच्या घोडीच्या घडणीतून, उठणारे वरचे स्वर जिवंत राहायला हवेत. म्हणून कोपऱ्यातल्या ट्रॅपच्या तोंडावर कापडाच्या आत क्राफ्ट कागदाचा थर दिला आहे. बेस आत जातो, वरचे स्वर परत खोलीत येतात. जमीन लाकडी ठेवली आहे आणि मागच्या भिंतीवर पट्ट्या येतील.

तुमच्या खोलीबद्दल विचारायचं असेल तर लांबी, रुंदी, उंची, भिंती विटांच्या की काँक्रीटच्या, दार-खिडक्या कुठे आणि तुम्ही बसता कुठे, एवढं कळवा. मोबाइलवर खोलीचा चारही बाजूंनी फोटो काढून पाठवलात तर उत्तम. बजेट कमी असेल तर तेही सांगा, आधी दोन कोपरे करू.