फवारणीचे कपडे अन् घरातली लेकरं

२०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा मास्क-हातमोजे यावर लय चर्चा झाली, पण घरातल्या लेकरांचं फारसं कोणी बोललं नाही. कपाशी फवारून माणूस घरी येतो, लेकरू पळत येऊन पायाला बिलगतं, अन् पँट गुडघ्यापर्यंत औषधानं ओली. आधी आंघोळ मग लेकरू, अन् ते कपडे वेगळ्या बादलीत धुवायचे, एवढं तरी करा राव. लहान पोरं वजनाच्या मानानं श्वास जास्त घेतात, हात सारखा तोंडात, म्हणून थोडंसं विषही त्यांना जास्त बाधतं.

आणि ते औषधाचे रिकामे डबे! २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं गेली, त्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं; स्वयंपाकाचं तेल औषधाच्या जुन्या डब्यात ठेवलं होतं, असं तपासात निघालं. तरी आपल्याकडं डबा धुऊन त्यात रॉकेल नाहीतर पाणी भरतातच. भोकं पाडून टाका तो. कोल्ड्रिंकच्या बाटलीत औषध काढून ठेवणाऱ्याला तर मी तोंडावर शिव्या देते. डब्यावर लाल त्रिकोण असलेलं औषध सगळ्यात जहाल, ते कुलपातच पाहिजे. पोटात गेलंच तर मीठपाणी पाजून उलट्या काढत बसू नका, डब्यावरचं लेबल सोबत घ्या अन् सरळ दवाखाना गाठा.