टपावरचा दिवा, नाक्यावरची पाटी

लाल दिव्याच्या गाडीचा रुबाब आता नव्या पोरांना समजावून सांगावा लागतो. टपावर तो तांबडा घुमट दिसला की चौकातला हवालदार कडक सलाम ठोकायचा. आत साहेब आहेत की साहेबांच्या मुलीला क्लासला सोडायला निघालेला नुसता ड्रायव्हर, ही चौकशी त्याने कशाला करावी? सलाम दिव्याला होता.

लाल दिवा फक्त उच्च घटनात्मक पदांवरच्यांनाच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये बजावलं. पुढे १ मे २०१७ पासून केंद्राने मोटार वाहन नियमांतला १०८ वा नियम बदलला आणि दिवा थेट राष्ट्रपती-पंतप्रधानांच्या गाडीवरूनही उतरला. मला आनंद झाला, अजूनही आहे. २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या खासगी गाडीवर अंबर दिवा दिसला, तर देशभर बोंब झाली. एवढा फरक नक्कीच पडला.

पण टपावरची सवलत काढायला एक पान्हा पुरतो. बाकीच्या आत असतात. काचेमागची ‘महाराष्ट्र शासन’ पाटी घ्या, किंवा साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवरचा तो पांढराशुभ्र टॉवेल. त्याने कुणी घाम पुसलेला मी तरी पाहिलेला नाही.

राष्ट्रीय महामार्गावर टोलच्या रांगेत अडकलात, तर सूट मिळणाऱ्यांची पाटी जरूर वाचा. छान वेळ जातो. २००८ च्या शुल्क नियमांतली ही यादी राष्ट्रपतींपासून निघते आणि राज्यपाल, मुख्यमंत्री, न्यायमूर्ती, खासदार, सचिव अशी मुक्काम करत पार शववाहिकेपर्यंत पोचते. शववाहिकेबद्दल कोण तक्रार करेल? मला खटकतो तो परमवीरचक्र विजेता. त्याने म्हणे आधी ओळखपत्र दाखवायचं. अर्थात तीच अट आमदारांनाही आहे. ते दाखवतात का, हे नाक्यावरच्या पोराला एकदा विचारून बघा.

सूटवाल्यांसाठी आता वेगळा फास्टॅगही निघतो, पैसे न कापणारा. त्याऐवजी चारचौघांसारखा साधा फास्टॅग चिकटवावा आणि टोल त्या-त्या खात्याच्या पैशांतून कापू द्यावा. तिजोरीचे पैसे तिजोरीतच फिरतील म्हणा, पण रविवारी सकाळी साहेबांची गाडी महाबळेश्वरच्या वाटेवर कुठल्या कामाला निघाली होती, हे निदान विचारता येईल.