पैलवानाची पेटी

आमच्या घरात स्वच्छता नाकानं मोजतात. फरशी चकचकीत दिसली तरी भागत नाही. फिनेलचा वास जिन्यापर्यंत गेला की सासूबाई म्हणतात, "हां, आत्ता घर झालं बघ." त्यामुळं माझा भाचा शिकायला कोल्हापूरला, राजारामपुरीत आमच्याकडं आला, सोबत सापाची काचेची पेटी घेऊन, तेव्हा त्याच्या पहिल्याच नियमावर त्या अडल्या. सापाचं एक वेळ चालेल, पण त्या खोलीत फिनेल नाही म्हणजे काय?

साप म्हणजे बॉल पायथन, मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. आपल्याकडचा अजगर, धामण, नाग यांतलं काहीही घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि या परदेशी पाहुण्याचीही सरकारदरबारी नोंद लागते. ते कागद भाच्यानं फायलीत नीट लावलेत. नाव ठेवलंय पैलवान. अंगानं आडवा, पण कुणी नुसतं वाकून पाहिलं तरी डोकं आत घेऊन चेंडू होतो. तालमीतल्या कुणाच्या कानावर हे नाव जाऊ नये.

फिनेलचं कारण मात्र खरं आहे. काळ्या फिनेलमधली फिनॉलवर्गातली रसायनं आणि पांढऱ्यातलं पाइन तेल, दोन्ही सापाला बाधतात. बंद पेटीत तो वास कोंडतो आणि साप तर जिभेनं वास घेतो. जीभ बाहेर काढून हवेतले कण टिपायचे आणि टाळूतल्या जेकबसन इंद्रियापाशी न्यायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. पेटी पार धुऊन सगळं अंथरूण बदललं की त्याचा स्वतःचा वासच जातो, मग तो रात्रभर काचेवर नाक घासत फिरतो. म्हणून जुना, कोरडा, न घाणलेला भुसा मूठभर ठेवून नवा घालायचा. आमच्याकडं जुनं काही शिल्लक ठेवणं म्हणजे आळस. इथं ती पाहुणचाराची रीत आहे.

रोजचं काम थोडकंच. घाण दिसली की आजूबाजूच्या भुशासकट उचलायची. त्यात काळपट भाग असतो आणि एक चुन्यासारखा पांढरा खडा, ती त्याची लघवी. पाण्याचं भांडं रोज घासायचं, कारण बोट फिरवलं की तळाला बुळबुळीत थर लागतो. पाण्यात मिरपुडीएवढे काळे ठिपके तरंगताना दिसले तर ते माइट, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक किडे. मग भुसा बाहेर, खाली कालचा पुढारी अंथरायचा आणि डॉक्टर गाठायचे. महिन्याकाठी पेटी रिकामी करून दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून पुसायची, दहा मिनिटं थांबायचं, वास पूर्ण जाईपर्यंत धुवायची आणि खडखडीत वाळवायची.

कोल्हापुरात जुलै महिन्यात खडखडीत वाळवा म्हणणं सोपं आहे! पंचगंगा पात्राबाहेर आलेली, दोरीवरचे टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट. पैलवानाला साठ टक्क्यांच्या आसपास ओलावा हवा, कात नीट निघायला तो लागतोच. पण हवा ओली असणं वेगळं आणि अंथरूण ओलं असणं वेगळं. ओल्या भुशावर पडून राहिला की पोटाचे खवले सडायला लागतात, हवा खेळली नाही की छातीत घरघर सुरू होते. म्हणून जाळीच्या फटी बुजवायच्या नाहीत. थर्मोस्टॅटवर एक बाजू ३२ अंश, दुसरी २६, म्हणजे तो स्वतःच जागा निवडतो. कात पायमोज्यासारखी सलग, उलटी होऊन निघाली की आम्ही ती उजेडात धरून डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक टोप्या आल्यात का बघतो. यात सासूबाई सगळ्यांत पुढं असतात.

नागपंचमीला त्यांनी दुधाची वाटी आणली होती. "आजी, साप दूध पीत नाही," भाचा म्हणाला. "मग पाणी तरी ताजं घाल की रे," म्हणून त्यांनी भांडं स्वतः घासलं. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती असते म्हणून त्याची बादली, ब्रश, साबण सगळं वेगळं. स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये त्यातलं काही जात नाही, आणि हात धुतल्याशिवाय कुणी चहाला बसत नाही. सोवळंच ते, सासूबाईंना पटायला वेळ लागला नाही.

गोठवलेल्या उंदरांचा डबा तेवढा अजून वादात आहे. मटणाशेजारी तो राहणार नाही, हे ठरलंय. वेगळा छोटा फ्रीज घ्यायचा, हेही ठरलंय. पैसे कुणी घालायचे यावर मात्र भाचा माझ्याकडं बघतो आणि मी त्याच्या आईला फोन लावते.