तार्तुफ मराठीत : ‘तो’ की ‘ते’?

आधी हिशोब. सतराव्या शतकातला फ्रेंच नाटककार मोलिएर, त्याचं ‘तार्तुफ’ हे पद्यनाटक मी मराठीत आणतोय. एका घरात शिरलेल्या धार्मिक भोंदूची ही गोष्ट मुळात १,९६२ ओळींची. त्यातल्या साधारण सतराशे ओळींचा कच्चा खर्डा झालाय. चौथा अंक संपला, पाचव्यात पाऊल टाकलंय. मागच्या नोंदीत पादाकुलक या मात्रावृत्ताचं वेड डोक्यात होतं, ते उतरलं. मुळातली ओळ बारा अक्षरांची, मधोमध यती म्हणजे विराम, दोन-दोन ओळींना यमक. म्हटलं, आठ अधिक आठ मात्रांत बसेल. बसली, पण सगळी पात्रं शाळेच्या स्नेहसंमेलनात कविता म्हणतायत असं वाटायला लागलं. शिवाय मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे दर यमकाला ‘आहे’, ‘पाहे’, ‘राहे’. तीस पानं गेली. आता लयीचं गद्य, आणि यमक फक्त प्रवेश संपताना.

खरी अडचण निघाली सर्वनामात. फ्रेंचमध्ये समोरच्याला तू म्हणावं की तुम्ही, हा प्रश्न आहे. पण पाठीमागे कुणाबद्दल बोलताना त्याला मान द्यायचा की नाही, हा प्रश्नच नाही. तिथे एकच सर्वनाम. मराठीत मात्र ‘तो’ म्हणा नाहीतर ‘ते’ म्हणा, सुटका नाही. आणि हे नाटकच असं की पहिले दोन अंक तार्तुफ रंगमंचावर येत नाही, सगळे त्याच्याबद्दल बोलतात. तो येतो ८५३ व्या ओळीला. तोवर प्रत्येक वाक्यात मला निकाल द्यायचा: बोलणाऱ्याच्या लेखी हा साधू की भोंदू? त्याला डोक्यावर घेणारा घरधनी ऑर्गाँ आणि त्याची आई मादाम पेर्नेल ‘ते’ म्हणणार. दोरीन ही मोलकरीण आणि दामीस हा मुलगा ‘तो’ म्हणणार. मेव्हणा क्लेआंत मात्र अडला. तो शहाणा, सभ्य, पण फसलेला नाही. सध्या त्याला नाव घ्यायला लावून वेळ मारून नेतोय.

याचा एक फायदा झाला. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात ऑर्गाँ गावाहून परततो. दोरीन सांगते, बाईसाहेबांना ताप होता, डोकं ठणकत होतं. हा विचारतो, “आणि तार्तुफ?” त्यानं दोन तितर आणि मटणाच्या अर्ध्या तंगडीचा खिमा भक्तिभावानं संपवला, सकाळी चार मोठे पेले दारू घेतली. यावर ऑर्गाँ चार वेळा म्हणतो, “ल पोव्र ऑम!” ‘बिचारा माणूस’ केलं तर वाक्य तिथेच झोपतं. ‘बिच्चारा’ लाडाचं होतं. शेवटी आदरार्थी केलं: “बिचारे!” मोठ्यानं वाचलं तर घरात दोघं हसले. हा विनोद मराठी व्याकरणानं फुकट दिला.

एक फजिती नोंदवून ठेवतो. तार्तुफचं पहिलं वाक्य: नोकराला हाक मारून ‘सेरे’ अमुक आणि ‘दिसिप्लिन’. आजच्या फ्रेंचच्या भरवशावर मी लिहिलं, “लोराँ, माझी शिस्त घट्ट आवळ.” दोन आठवडे ते वाक्य मला गूढ आणि खोल वाटत होतं! सतराव्या शतकात ‘सेरे’ म्हणजे नीट उचलून ठेव, आणि ‘दिसिप्लिन’ म्हणजे स्वतःच्या पाठीवर मारून घ्यायचा चाबूक. सोबतची वस्तू म्हणजे अंगाला टोचणारा केसांचा सदरा. आता: “लोराँ, माझा काचणारा सदरा आणि चाबूक आत ठेव.” दोरीन दिसल्याबरोबर आवाज चढवून हे म्हटलं जातं. नाही तर नोकराला रोज सांगायची गरज काय?

सर्वांत सोपा गेला तो प्रवेश सर्वांत अवघड जाईल असं वाटत होतं. तिसऱ्या अंकात दामीस बापाला सांगतो की या माणसानं सावत्र आईवर, एल्मीरवर, डोळा ठेवलाय. तार्तुफ नाकारत नाही. म्हणतो, होय बंधो, मी दुष्ट, अपराधी, पापानं भरलेला. शब्दन् शब्द खरा आहे आणि ऑर्गाँला त्यात फक्त नम्रता ऐकू येते. पोराला घराबाहेर काढतो. मराठीत हे लिहायला बसलो तर हात थांबेना. ‘पतित’, ‘पापी’, ‘अन्यायी’, ‘चरणरज’, शतकांच्या अभंगांनी हे सगळं घासूनपुसून ठेवलंय. पहिल्या खर्ड्यात मी त्याचा स्वर थोडा नाटकी ठेवला होता, प्रेक्षकाला डोळा मारल्यासारखा. तो खोडला. भाषा संताचीच हवी, खोट काढायला जागाच नको. क्लेआंत खोट्या नाण्याबद्दल बोलतो ते हेच. खोटं नाणं खऱ्यासारखंच वाजतं.

म्हणून तर धर्माभिमानी मंडळी इतकी पेटली असणार. १२ मे १६६४ ला व्हर्सायच्या उत्सवात तीन अंकी रूप झालं आणि राजानं जाहीर प्रयोगांना मनाई केली. एका पाद्र्यानं मोलिएरला माणसाच्या कातड्यातला सैतान म्हटलं. १६६७ च्या ऑगस्टमध्ये मोलिएरनं नायकाचं नाव पानुल्फ केलं, तलवार आणि लेस चढवून त्याला दरबारी गृहस्थ बनवलं, पण राजा स्वारीवर असताना न्यायाधीश लामोआन्याँनं दुसऱ्याच दिवशी प्रयोग थांबवला. पॅरिसच्या आर्चबिशपनं तर नाटक करणाऱ्याला, वाचणाऱ्याला आणि वाचून दाखवलेलं ऐकणाऱ्यालाही बहिष्काराची धमकी दिली. म्हणजे रविवारी आमच्या स्वयंपाकघरात या खर्ड्याचं वाचन चालतं तेही त्यात बसलं असतं. ५ फेब्रुवारी १६६९ ला परवानगी मिळाली, त्या दिवशीचा गल्ला २,८६० लीव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन). मोलिएर स्वतः ऑर्गाँ झाला होता. मला यात फार अर्थ दिसतो. ढोंग्याचं काम त्यानं द्यू क्रोआझी या नटाला दिलं आणि फसायला उत्सुक असलेल्या घरधन्याचं स्वतःकडे ठेवलं.

आता सर्वनामाचा शेवट. चौथ्या अंकात एल्मीर नवऱ्याला टेबलाखाली लपवते आणि तार्तुफला बोलतं करते. ऑर्गाँ बाहेर येतो तेव्हा म्हणतो, हा भयंकर माणूस आहे. ‘ऑम’ तोच, विशेषण फक्त बदललं. मी लिहिलं: “काय नीच माणूस आहे हा!” चार ‘बिचारे’नंतर आलेला हा ‘हा’ मला पुरेसा वाटतो.

काल पाचव्याचा तिसरा प्रवेश केला. ऑर्गाँ आईला पटवतोय की मी पाहिलं, माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ज्याला पाहणं म्हणतात तसं पाहिलं. मादाम पेर्नेल ऐकत नाही. दोरीन टोमणा मारते, तुम्ही विश्वास ठेवत नव्हता, आता तुमच्यावर कुणी ठेवत नाही. या पूर्ण प्रवेशात ऑर्गाँ ‘तो’ म्हणतो आणि आई दर वेळी ‘ते’ म्हणून उत्तर देते. पुढच्या प्रवेशात जप्तीचा माणूस येतोय. त्याचं नाव ‘मस्य लोयाल’, म्हणजे इमानदार. ते नाव भाषांतरित करावं की तसंच ठेवावं, कुणाला सुचलं तर सांगा.