तुम्ही विचारलंत म्हणून: ठो-ठो नसलेला गेम

मालवणात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म हेही चालतं. मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमानी आले की एक प्रश्न हमखास येतो. परवा भरडावरच्या एका वहिनींनी विचारला तो असा: "बाबू, झीलाक खयचो तरी गेम घालून दी. फिराक मोठी जागा व्हयी, पण ठो-ठो नको." मुंबईहून आलेल्या त्यांच्या जावेनं त्याचं लगेच भाषांतर केलं, "म्हणजे ओपन वर्ल्ड हवा, पण व्हायलन्स नको." दर वेळी मी उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देतो, कारण मागे कोणीतरी आधार कार्ड घेऊन झेरॉक्ससाठी ताटकळत असतो. तेव्हा हे बसून दिलेलं उत्तर.

माझी स्वतःची सुरुवात व्हाइस सिटी या मारधाडीच्या गेमनं झाली. गेम २००२ चा, आमच्याकडच्या कॅफेत पोचेपर्यंत तीन-चार वर्षं गेली. बाकीची पोरं चीट कोड मारून रणगाडा रस्त्यावर आणायची आणि मी टॅक्सी चालवायचो. माणूस उचलायचा, सांगेल तिथे सोडायचा, पैसे घ्यायचे. १०० भाडी पूर्ण झाली की टॅक्सीला उडी मारता येते, तेवढीच काय ती चैन. शेजारच्या खुर्चीवरची पोरं हसायची. पण मला ते शहर हवं होतं, समुद्राकाठचा तो रस्ता, गाडीतला रेडिओ. गोळ्या झाडणं मला घरभाड्यासारखं वाटायचं: तिथे राहायचं तर अधूनमधून भरावं लागतं.

तेव्हापासून नवा गेम बघितला की मी रक्त किती आहे ते बघत नाही. यात दिवसभर हाताला काम काय, एवढंच बघतो. बहुतेक मोकळ्या जगांचं दुखणं तिथेच आहे. डोंगर, नद्या, गावं सगळं जीव ओतून बनवलेलं असतं आणि हातात मात्र एकच काम. ते तसं का होतं हेही समजण्यासारखं आहे. निशाणा धरला, बटण दाबलं, लागलं की चुकलं ते त्याच क्षणी कळतं, खेळणाऱ्यालाही आणि मशीनलाही. त्याऐवजी एखाद्या म्हाताऱ्याशी बोलून त्याचं मन वळवायचं काम द्यायचं असेल, तर ते संवाद कोणीतरी बसून लिहावे लागतात आणि त्यातली मजा टिकवणं फारच कठीण.

ज्यांनी ते जमवलं त्यांत माझा सगळ्यात लाडका म्हणजे आल्बा. २०२० साली आला, मॉन्युमेंट व्हॅली हा गेम बनवणाऱ्या असटू गेम्स या स्टुडिओचा. आल्बा नावाची छोटी मुलगी सुट्टीत आठवडाभरासाठी भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर आजी-आजोबांकडे येते. गावचा मेयर जाहीर करतो की अभयारण्याच्या जागेवर आलिशान हॉटेल होणार. आल्बा आणि तिची मैत्रीण ते थांबवायला निघतात. हातात असतो एक फोन, पक्ष्या-प्राण्यांचे फोटो काढून त्यांची नोंद करायला. बाकी काम म्हणजे किनाऱ्यावरचा कचरा उचलणं, पक्ष्यांची मोडलेली घरटी दुरुस्त करणं, आणि हे सगळं करता करता गावकऱ्यांच्या ५० सह्या गोळा करणं. बेटभर कुठेही भटका, कोणी अडवत नाही.

हा गेम मी माझ्या भाचीबरोबर तीन संध्याकाळी खेळलो. आमच्याकडे सड्यावरची, म्हणजे गावावरच्या कातळपठारावरची, जमीन कोणी घेतली, तिथे काय होणार, ही चर्चा चहाच्या टपरीवर रोजचीच. त्यामुळे मेयरचं भाषण सुरू झालं तशी ती माझ्याकडे बघून हसली. खेळ संपल्यावर तिनं विचारलं, "मामा, आपल्याकडे ५० सह्यांत होईल?" मी लॅपटॉपचा चार्जर शोधायला उठलो. ५० सह्यांत काम होणं हीच त्या गेममधली सगळ्यात मोठी भरारी आहे, बाकी सगळं अगदी आपल्यासारखं.

आता एक आमच्या किनाऱ्यावरचाच घोळ सांगतो. हिंसा नको म्हणजे नेमकं काय नको? एका माळकरी गृहस्थांना मी सबनॉटिका सुचवला होता. तुमचं यान एका पाण्यानं भरलेल्या ग्रहावर कोसळतं आणि समुद्रात बुडी मारून जगायचं, असा तो गेम. दोन दिवसांनी ते परत आले. "अहो, नातू मासे पकडून भाजून खातोय त्यात!" दुकानात तेव्हा बंदरावरच्या एक मावशी रेशन कार्डाची झेरॉक्स घेत होत्या. त्या वळून म्हणाल्या, "माशे धरतत ती हिंसा? मगे आमी सकाळपासून काय करतव?" गृहस्थ गप्प झाले, मीही झालो. मावशींनी दोन रुपये काउंटरवर ठेवले आणि गेल्या.

तरी सबनॉटिकाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. पूर्ण स्वरूपात तो २०१८ मध्ये आला, पण काम सुरू झालं ते त्याच्या कितीतरी आधी. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत सँडी हूक इथल्या प्राथमिक शाळेत गोळीबार झाला, त्यात २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. गेमचा मुख्य रचनाकार चार्ली क्लीव्हलँड यानं नंतर सांगितलं की या घटनेमुळेच आपल्या गेममध्ये बंदुका ठेवायच्या नाहीत असं त्यानं ठरवलं. सुरी आहे, माशांना काही क्षण जागच्या जागी गोठवणारं यंत्र आहे, पण धाडधाड मारत सुटावं असं काही नाही. मोठं जनावर आलं की पळायचं किंवा लपायचं, दर्यात माणूस करील तेच. मात्र लहान मुलाला रात्री एकट्याला देऊ नका. हिंसा नाही म्हणून भीतीही नसेल असं धरून चालू नका. खोल पाण्यात मागून रीपर नावाच्या अजस्र जनावराची किंकाळी आली तेव्हा मी, चाळिशीचा बाप्या, हेडफोन काढून ठेवला होता. क्रिएटिव्ह मोड घेतलात तर भूक, तहान, ऑक्सिजन यांची काळजी उरत नाही, नुसतं फिरता येतं. किल्ल्याजवळ स्कुबाला जाऊन पाणी गढूळ निघालं म्हणून हिरमुसलेल्या पाहुण्यांना मी हाच मोड दाखवतो.

ठोकळे रचून घरं बांधायचा माइनक्राफ्ट तुमच्या घरात आधीच असेल. सेटिंगमध्ये जाऊन तो पीसफुलवर टाका, रात्री येणारे राक्षस बंद होतात. निम्म्या आयांचं काम एवढ्यात भागतं आणि मला काही मिळत नाही.

ज्यांचं मशीन जुनं आहे त्यांच्यासाठी अ शॉर्ट हाइक. अ‍ॅडम रॉबिन्सन-यू या कॅनडातल्या माणसानं केलेला, २०१९ चा, आकारानं इतका लहान की पावसात टॉवर रडत असतानाही उतरतो. क्लेअर नावाची चिमणीएवढी एक पाखरू-मुलगी एका महत्त्वाच्या फोनची वाट बघत असते, पण खाली रेंज नाही. म्हणून ती डोंगर चढते. बस, एवढंच. वाटेत सोनेरी पिसं मिळतात, जितकी पिसं तितकं उंच चढता येतं. लोक भेटतात, कोणाचं काही हरवलेलं असतं, कोणी शर्यत लावतं. लॉकडाऊनमध्ये आमच्याकडची पोरं ऑनलाइन शाळेसाठी सड्यावर जाऊन बसायची, त्यांना या गेमची कथा समजावून सांगावी लागली नाही. दोनेक तासांत संपतो, म्हणून पालक तक्रार करतात की पैसे फुकट गेले. मला तो त्याचा गुण वाटतो.

ईस्टशेड, २०१९ चा, हा थोड्या मोठ्यांसाठी. बेटावर फिरायचं आणि चित्रं काढायची, आई मरताना जी ठिकाणं सांगून गेली त्यांची. पहिला अर्धा तास कंटाळवाणा आहे, नंतर सुटत नाही. इतिहासाची आवड असेल तर असॅसिन्स क्रीड मालिकेतल्या ओरिजिन्स या गेमचा डिस्कव्हरी टूर बघा: मारामारी सगळी काढून टाकलेला प्राचीन इजिप्त, ७५ सहली. मूळ गेम खुनाखुनीचा असला तरी हा नाही. फक्त ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते नसलं तर मला फोन करून विचारू नका की हळू का चालतो.

आणि मग गाड्या. युरो ट्रक सिम्युलेटर २ हा २०१२ चा गेम अजून जोरात खपतो. माल उचला, देश ओलांडा, सिग्नल तोडलात तर दंड, झोप आली तर गाडी बाजूला लावून झोपा. आमचा हायवे इतकी वर्षं खणलेला बघितलेल्या माणसाला त्यातला नुसता डांबर-रस्ता बघूनही बरं वाटतं. पण गावातल्या मुलांकडे पीसी नसतो, फोन असतो, आणि फोनवर राज्य आहे बस सिम्युलेटर इंडोनेशियाचं. मालेओ कंपनीचा, २०१७ चा, फुकट. तिकडेही आपल्यासारखी डावीकडून वाहतूक, तशीच नारळाची झाडं, तसेच अरुंद रस्ते. शिवाय बसला हवा तो रंग स्वतः देता येतो. त्यामुळे जावा बेटावरच्या रस्त्यांवर आमच्या पोरांच्या लालपऱ्या धावतात, पाटीवर "मालवण–कणकवली".

चोरीचा गेम पेनड्राइव्हवर घालून मात्र कोणालाच देत नाही. सेल लागतात तेव्हा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात यातले बरेच गेम अर्ध्या किमतीत मिळतात, तेव्हा घ्या.

भरडावरच्या वहिनींचा पीसी जुनाच होता. त्यात अ शॉर्ट हाइक घातला, आणि मुलाच्या फोनवर बस. आठवड्यानं त्यांच्याकडे राउटर बघायला गेलो तर मुलगा पडवीत फोन आडवा धरून बसलेला, मागे त्याचे आजोबा उभे. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वळणावर बस रेलिंगला घासली तसे ते ओरडले, "अरे मेल्या, क्लचवरसून पाय काढ आधी!" मुलानं पाय वर घेऊन मांडी घातली आणि गाडी पुढे काढली.